मे महिन्यात कोमो तलावावर: बेळगावहून निघणाऱ्यांसाठी

इटलीतले तलाव बघायचे मनात असतील तर मेचा दुसरा-तिसरा आठवडा धरा, एकच तलाव निवडा आणि त्याच्या काठच्या एकाच गावात सहा-सात रात्री मुक्काम करा. मला विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते. युरोप म्हटलं की दहा दिवसांत पाच देश आणि रोज सकाळी सातला बॅगा बसमध्ये, असा हिशेब आपल्याकडे पक्का बसलाय. त्या हिशेबात तलावाच्या वाट्याला जेमतेम दोन तास येतात. बोटीची एक फेरी, फोटो, की चला पुढे. पण सकाळी नितळ असलेलं पाणी दुपारी वारा सुटला की पार बदलतं, आणि मेच्या मध्याला तिथे रात्री पावणेनऊपर्यंत उजेड असतो. हे बघायचं तर तिथे राहायलाच पाहिजे.

मी शहापूरची. सासरी रेशमी साड्यांचं दुकान, माहेर वडगावातल्या विणकराचं. कोमो म्हणजे रेशीम, एवढं मला लहानपणापासून ठाऊक. त्यामुळे तलाव निवडायला मला वेळ लागला नाही. माझी थोरली जाऊ, निपाणीची एक जैन मैत्रीण आणि मी, अशा तिघी एजंटाशिवाय गेलो. पुढचं सगळं त्या तयारीतून आलेलं आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या बाजूच्या माणसाला जे वेगळं करावं लागतं, ते मुद्दाम लिहिते, कारण पुण्या-मुंबईच्या माणसांनी लिहिलेल्या माहितीत ते सापडत नाही.

तारखा कशा काढायच्या

इटलीत २५ एप्रिल आणि १ मे या राष्ट्रीय सुट्ट्या. त्या शनिवार-रविवारला जोडून आल्या की मिलानचं निम्मं शहर तलावावर उतरतं. पुढे २ जूनला त्यांचा प्रजासत्ताक दिन, तेव्हा पुन्हा तेच. मधले चारएक आठवडे त्या मानाने मोकळे. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी पेंटेकॉस्टचा सण येतो. त्या सुमारास जर्मनीच्या दक्षिण भागातल्या शाळांना सुट्टी असते आणि ती मंडळी गाड्या घेऊन आल्प्स उतरतात. याचा भार गार्दा तलावावर जास्त पडतो, कोमोवर कमी. पण त्या वर्षीचा ईस्टर कधी आहे ते बघूनच तारीख ठरवा.

आपल्या बाजूनेही हे जमून येतं. कर्नाटकातल्या शाळांची सुट्टी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होऊन मेच्या अखेरीस संपते. म्हणजे शिक्षक आणि शाळकरी मुलांच्या आईवडिलांना मेचा मध्य सोयीचा. कोल्हापूर-गडहिंग्लजचे पाहुणे बरोबर येणार असतील तर त्यांची सुट्टी जूनच्या मध्यापर्यंत चालते. ते म्हणतील, जूनमध्येच जाऊया की. त्यांचं ऐकू नका. जून सरता सरता उकाडा आणि गर्दी दोन्ही वाढायला लागतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये बोटीच्या रांगेत उभं राहण्यातच निम्मा दिवस जातो.

हवेबद्दल स्पष्ट सांगते. मेमध्ये दुपारी वीस-बावीस अंश आणि रात्री दहा-बारा अंश, असा अंदाज धरा. पाऊस येतो. तिथल्या पावसाळी महिन्यांत मे मोडतो. सकाळी लख्ख ऊन आणि दुपारी डोंगरामागून ढग, हे आपल्या वळिवासारखंच चालतं. म्हणून सहा रात्रींत एक दिवस मोकळा ठेवा. पाऊस आला तर तो दिवस घरात, संग्रहालयात किंवा आगगाडीत घालवता येतो. एक स्वेटर, एक पातळ रेनकोट आणि तळवा न घसरणारे बूट एवढं पुरतं. त्या गावांतल्या वाटा गोट्यांच्या आणि पायऱ्यांच्या आहेत, ओल्या झाल्या की निसरड्या होतात. चपला घालून जाऊ नका.

कोणता तलाव

मोठे तलाव तीन. पश्चिमेला माज्जोरे, मध्ये कोमो, पूर्वेला गार्दा. हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्यांत पाणी साठून ते झालेले आहेत, म्हणून लांबट आणि खोल. गार्दा सर्वांत मोठा, सुमारे ३७० चौरस किलोमीटर. तो उघडा, रुंद, आणि लहान मुलं असलेल्या घरांना बरा. माज्जोरेवर स्त्रेझा गावासमोर बोर्रोमेओ घराण्याची बेटं आहेत. त्यातल्या ईझोला बेल्ला बेटावर एकावर एक चढत गेलेली बाग आहे आणि तिथे पांढरे मोर फिरतात. ज्यांना बागांचंच वेड आहे त्यांनी माज्जोरे घ्यावा, मी अडवणार नाही.

कोमो क्षेत्रफळाने १४६ चौरस किलोमीटरच, पण खोली चारशे मीटरच्या वर. बेचकी उलटी धरावी तसा त्याचा आकार. वरची मूठ उत्तरेला आल्प्सकडे, खालचे दोन फाटे दक्षिणेला. डाव्या फाट्याच्या टोकाला कोमो शहर, उजव्याच्या टोकाला लेक्को, आणि फाटे फुटतात त्या टोकावर बेलाजो. बेलाजोच्या पूर्वेला पाण्यापलीकडे वारेन्ना, पश्चिमेला मेनाज्जो. हा मधला त्रिकोण डोक्यात बसवा. तुमचे सहाही दिवस त्यावर उभे राहणार आहेत.

व्हिसाची फाइल: जानेवारीतच सुरुवात

इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज देता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. पण उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीच्या वेळा भराभर संपतात. मेमध्ये जायचं तर फेब्रुवारीच्या अखेरीस फाइल दिलेली असू दे.

अर्ज कुठे द्यायचा हे तुमच्या राहत्या पत्त्यावरून ठरतं. आपला पत्ता कर्नाटकातला, म्हणून आपलं केंद्र बेंगळूरूला. तुमची बहीण चंदगडला दिली असेल तर ती महाराष्ट्रातली, तिचा अर्ज मुंबईला. एकाच घरातली, बेळगावपासून तासाभराच्या अंतरावर राहणारी माणसं दोन वेगळ्या शहरांत उभी राहतात. म्हणून एकत्र जाणार असाल तर तारखा एकमेकांना सांगून घ्या. बोटांचे ठसे द्यायला स्वतःला जावं लागतं. संध्याकाळी बेळगावहून रेल्वे धरायची, सकाळी बेंगळूरू, दुपारपर्यंत काम उरकायचं आणि रात्रीच्या गाडीने परत. हॉटेल लागत नाही. एकदा दिलेले ठसे पुढचे ५९ महिने चालतात.

आता कागद. बेळगावचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदलून बेळगावी झालं, त्यामुळे आपल्यापैकी कित्येकांच्या पासपोर्टवर जन्मगाव जुन्या स्पेलिंगचं आणि आधारवर नवीन आहे. यात घाबरण्यासारखं काही नाही. अर्जात जन्मगाव पासपोर्टवर जसं छापलंय तसंच अक्षर न् अक्षर भरा, आणि सध्याचा पत्ता सध्याच्या कागदावर जसा आहे तसा. नावाकडे मात्र बारकाईने बघा. कन्नडमधून इंग्रजीत आलेलं आडनाव आणि मराठी शाळेच्या दाखल्यावरून आलेलं आडनाव यांत एखादं अक्षर कमी-जास्त झालेलं असतं. बँकेच्या पुस्तकावर वेगळं असेल तर आधी बँकेत दुरुस्त करून घ्या. त्याला महिना लागू शकतो, जानेवारी म्हणते ती यासाठीच.

कन्नडमधले कागद, म्हणजे लग्नाचा दाखला, जमिनीची पहाणी, ग्रामपंचायतीचा उतारा, इंग्रजीत भाषांतर करून जोडायचे. चिकोडी-अथणीकडच्या शेतकरी घरांना वाटतं की पगाराची स्लिप नाही म्हणजे व्हिसा नाही. तसं नसतं. पहाणीचं भाषांतर, साखर कारखान्याकडून उसाची बिलं जमा झालेली दिसतील असं बँकेचं स्टेटमेंट, आणि शेतीचं उत्पन्न कसं येतं ते साध्या शब्दांत सांगणारं एक पानी पत्र द्या. दुकानदारांनी जीएसटी नोंदणी आणि आयकराची विवरणपत्रं लावावीत. खात्यात शेवटच्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम आणून टाकू नका. वर्षभर हळूहळू साठलेली शिल्लक जास्त विश्वासाची वाटते.

बाकी ठरलेलं असतं. परत येण्याच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला पासपोर्ट. ३०,००० युरोंचं किमान संरक्षण देणारा प्रवास विमा. मुक्कामाची आणि विमानाची आरक्षणं. प्रौढांची फी २०२४ च्या जूनपासून ९० युरो आहे, सेवाकेंद्राचे पैसे वेगळे. मुक्काम फुकट रद्द करता येणाराच बुक करा, आणि परत न मिळणारं विमानाचं तिकीट व्हिसा हातात आल्याशिवाय काढू नका. स्वित्झर्लंडही शेंगेनमध्येच येतं, त्यामुळे तलावावरून एखादा दिवस तिकडे जायला दुसरा व्हिसा लागत नाही. फक्त जास्त रात्री इटलीत हव्यात.

बेळगाव ते वारेन्ना

विमान मिलानच्या माल्पेन्सा विमानतळाचं बघा. मुंबई किंवा बेंगळूरूहून दुबई, दोहा, अबू धाबीमार्गे जाता येतं. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबई-बेंगळूरूला विमान आहे, पण ते आणि परदेशाचं विमान वेगवेगळ्या तिकिटांवर असेल तर मध्ये चांगला मोठा अवधी ठेवा. पहिलं उशिरा आलं तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबणार नाही. आम्ही रात्रीच्या स्लीपर बसने मुंबई गाठली आणि दिवसभर नातेवाइकांकडे थांबलो. साठीच्या पुढच्या माणसांना हेच मानवतं.

माल्पेन्साला पासपोर्टच्या रांगेला वेळ लागतो. २०२५ च्या ऑक्टोबरपासून युरोपने सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची नवी पद्धत सुरू केली आहे, म्हणून पुढच्या गाडीची वेळ घट्ट बांधू नका. विमानतळाच्या आतूनच माल्पेन्सा एक्स्प्रेस सुटते, सुमारे पन्नास मिनिटांत मिलानो चेन्त्राले स्टेशन. तिथून सोंद्रिओ-तिरानोकडे जाणारी गाडी, तासाभरात वारेन्ना. साधारण तासाला एक गाडी असते. स्टेशनचं पूर्ण नाव वारेन्ना-एझिनो-पेर्लेदो असं आहे, फलकावर तेच शोधा. लेक्को सोडल्यावर डाव्या हाताला बसा. बोगदा, पाणी, बोगदा, पाणी असं करत तलाव उघडत जातो.

या गाडीच्या तिकिटाला आगाऊ आरक्षण लागत नाही आणि दर आधी काढा की नंतर, तोच राहतो. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचा. शिक्का नसेल तर दंड होतो, तिकीट खरं असलं तरी. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात, त्याला शोपेरो म्हणतात. निघायच्या आदल्या आठवड्यात रेल्वेच्या साइटवर एकदा बघा. संपाच्या दिवशीही कामाच्या वारी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ ठरावीक गाड्या सोडाव्याच लागतात. आणखी एक, रविवारी संध्याकाळी वारेन्नाहून मिलानला परतणाऱ्या गाड्या खच्चून भरतात. त्या वेळी बॅगा घेऊन निघू नका.

मुक्काम

माझं मत वारेन्नाला. रेल्वे थेट येते आणि बोटीचा धक्का स्टेशनपासून दहा मिनिटं उतारावर. बेलाजोला रेल्वे नाही, दिवसा गर्दी फार आणि दर चढे. ते बघायला जावं, राहायला नको. पण गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर मेनाज्जो घ्या. वारेन्ना पायऱ्यांचं गाव, मेनाज्जोचा काठ सपाट. तिथे जायला कोमोहून सी-१० ची बस किंवा वारेन्नाहून बोट. कोमो शहरात राहणं सोयीचं वाटतं, पण मधल्या त्रिकोणापासून ते लांब पडतं.

घर भाड्याने घेणार असाल तर जाहिरातीत सीआयएन हा सरकारी नोंदणी क्रमांक दिसला पाहिजे. २०२५ पासून तो बंधनकारक आहे. घरमालक पासपोर्टची माहिती मागेल, ती द्यायचीच असते, पोलिसांकडे नोंद करावी लागते. शिवाय माणशी रात्रीमागे थोडा मुक्काम कर वेगळा भरावा लागतो, बऱ्याचदा रोख.

बोटीचं वेळापत्रक हाच तुमचा दिनक्रम

तलावावरच्या बोटी सरकारी संस्था चालवते. वारेन्ना-बेलाजो-मेनाज्जो-कादेनाब्बिया या मधल्या पट्ट्यात दिवसभर फेऱ्या असतात, एका काठावरून दुसऱ्या काठावर पंधरा मिनिटं. मोटारी नेणारी मोठी बोट त्राघेत्तो, साधी प्रवासी बोट बात्तेल्लो, आणि जलद बोट जादा पैसे घेणारी. जलद बोटीत बंद काचांमागे बसावं लागतं, त्यात पैसे घालू नका. मधल्या पट्ट्याचं दिवसभराचं तिकीट मिळतं. तीनपेक्षा जास्त वेळा चढ-उतार होणार असेल तर तेच परवडतं.

आदल्या रात्री वेळापत्रक उघडून परतीची शेवटची बोट कोणती ते आधी लिहून ठेवायचं, मग उलटं मागे येत दिवस आखायचा. सकाळची पहिली-दुसरी बोट धरा. साडेदहानंतर मिलानहून आलेले लोक धक्क्यावर जमतात. वाऱ्याचंही लक्षात असू दे. सकाळी उत्तरेकडून तिवानो वाहतो, दुपारी दक्षिणेकडून ब्रेवा. ब्रेवा सुटला की पाणी हलतं, ज्यांना बोट लागते त्यांनी मोठ्या त्राघेत्तोनेच यावं.

काय बघायचं

बागा आधी. त्रेमेत्सोची विला कार्लोत्ता सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली. १८४३ मध्ये प्रशियाच्या राजघराण्यातल्या सुनेने ती विकत घेऊन लेकीला, शार्लोटला लग्नात दिली, तिच्यावरून हे नाव. अझेलियाच्या माणसापेक्षा उंच भिंतींमधून वाट जाते. हा फुलोरा एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत भरात असतो. त्यासाठीच जाणार असाल तर मेचा दुसरा आठवडा सोडू नका. त्यानंतर गुलाब आणि मोगऱ्यासारख्या वासाचे वेल भिंतींवर चढलेले असतात.

लेन्नोजवळची विला बाल्बियानेल्लो टेकाडाच्या टोकावर पाण्यात घुसलेली. ती सोमवार आणि बुधवारी बंद असते, तिकीट ऑनलाइन काढा. वारेन्नातच विला मोनास्तेरो, तिची बाग काठाकाठाने जवळजवळ दोन किलोमीटर लांब. १९५३ पासून इटलीच्या भौतिकशास्त्र संस्थेची उन्हाळी शाळा इथे भरते, आणि १९५४ मध्ये एन्रिको फर्मी यांनी इथे व्याख्यानं दिली. विज्ञानाची शिक्षक मंडळी बरोबर असतील तर त्यांना इथून हलवणं अवघड जातं. त्यांना मग कोमोलाही न्या. विजेची बॅटरी शोधणारे अलेस्सांद्रो व्होल्टा १७४५ मध्ये कोमोत जन्मले, त्यांच्या वस्तूंचं देऊळवजा संग्रहालय तलावाकाठीच आहे.

वारेन्नाच्या दक्षिणेला चालत गेलात तर फ्यूमेलात्ते लागते. जेमतेम अडीचशे मीटर लांबीची नदी. डोंगरातल्या गुहेतून निघते, दुधासारखी फेसाळत उतरते आणि तलावात संपते. वसंतात वाहायला लागते, हिवाळा आला की गुप्त होते. लिओनार्दो दा विंची यांनीही तिची नोंद केली आहे. पाय धड असतील तर वर वेत्सिओच्या किल्ल्यापर्यंत चढा, पाऊणएक तासाची निवांत वाट.

आणि रेशीम. यासाठी मी अर्धा रकाना घालवणार आहे.

लोम्बार्दीत एके काळी घरोघरी रेशीमकिडे पाळत, तुतीची झाडं बांधावर असत. ते विसाव्या शतकात संपलं. आता कच्चं रेशीम मुख्यतः चीनमधून येतं आणि कोमोत त्याचं विणणं, रंगवणं, छापणं होतं. कोमोच्या रेशीम संग्रहालयात हा सगळा क्रम जुन्या यंत्रांसकट मांडलेला आहे. कोशातला चिकटपणा उकळून काढणं, पीळ देणं, रंगाच्या कढया, छपाईचे साचे. नक्षी विणायच्या जकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे बघून आमच्या जाऊबाईंनी तिथल्या बाईंना खुणेनेच सांगितलं की हे आमच्याकडे वडगावात अजून मागावर चढतात. त्या बाईंनी आम्हाला पुढची दोन दालनं स्वतः फिरून दाखवली.

पण विणकाराच्या घरातल्या माणसाने खरं बघावं ते अब्बादिया लारियानाचं. लेक्को आणि वारेन्नाच्या मधलं छोटं स्टेशन, तिथे मोंती नावाच्या जुन्या रेशीम गिरणीचं संग्रहालय केलंय. आत १८१८ सालचं पीळ देण्याचं गोल यंत्र आहे, लाकडाचं, चांगलंच उंच. रेशमाला पीळ द्यायचं काम आपण छोट्या चात्यांच्या रांगांवर बघितलेलं, इथे ते सगळं एका फिरत्या बुरुजाभोवती बांधलेलं आहे. खासबाग, वडगाव, शहापूरची यंत्रमागाची मंडळी कधी तिकडे गेली तर त्यांनी विला एखादी कमी करावी, पण हे चुकवू नये. उघडं असण्याचे वार मोजकेच असतात, आधी बघून दिवस ठरवा.

मोकळा ठेवलेला दिवस आगगाडीला द्या. वारेन्नाहून तिरानो दीड तास, तिथून लाल बेर्निना गाडी २,२५३ मीटर उंचीची खिंड ओलांडून स्वित्झर्लंडच्या सेंट मोरित्सला जाते. हा मार्ग २००८ पासून जागतिक वारशात आहे. मोठ्या काचांच्या पर्यटक गाडीला आरक्षण आणि जादा पैसे लागतात. त्याच रुळांवरून धावणाऱ्या साध्या गाडीला लागत नाहीत, आणि तिच्या खिडक्या खाली करता येतात. वर मेमध्येही बर्फ असतो. पासपोर्ट जवळ ठेवा.

खाणं

निघताना प्रत्येक जण म्हणतो, कुंदा घेऊन जा. नेऊ नका. दूध आणि मांसापासून केलेले पदार्थ बाहेरून आणायला युरोपात बंदी आहे, सीमेवर काढून घेतात. आंबेही चालत नाहीत, फळाला रोगमुक्तीचा दाखला लागतो. कडक भाकरी, शेंगा चटणी, कारळ्याची चटणी, मेतकूट, भडंग न्या. कडक भाकरी आठवडाभर टिकते आणि तिथल्या टोमॅटो-काकडीबरोबर उत्तम जाते. घरात चूल बऱ्याचदा इंडक्शनची असते, अॅल्युमिनियमचा कुकर त्यावर चालत नाही, न्यायचा तर स्टीलचा. तांदूळ, मसूर, छोले, दही, पालक कुठल्याही बाजारात मिळतं.

बाहेर खाताना शाकाहारी माणसाने ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’ म्हणजे मांस नको, मासे नकोत, एवढ्यावर थांबू नये. रिझोत्तो आणि सूप यांत मांसाचा रस्सा घालतात, म्हणून ‘सेन्झा ब्रोदो दी कार्ने’ हेही सांगायचं. जैनांनी ‘सेन्झा आल्यो, सेन्झा चिपोल्ला’ म्हणजे लसूण-कांदा नको. कागदावर मोठ्या अक्षरात इटालियनमध्ये लिहून घेतलं की वेटर तो कागद आत नेऊन दाखवतो, आमच्या निपाणीच्या मैत्रिणीचं काम असंच झालं. चीजबद्दल ज्यांना काटेकोर राहायचंय त्यांनी हे जाणून असावं की पार्मिज्यानो आणि ग्राना पादानो या दोन्हींत वासराच्या पोटातलं विरजण वापरतात. पाकिटावर ‘काल्यो वेजेताले’ लिहिलेलं असेल ते चालेल.

पित्सोक्केरी जरूर मागा. कुट्टूच्या पिठाची पट्ट्यांसारखी पास्ता, बटाटा, कोबी, चीज. शेजारच्या वाल्तेल्लीना खोऱ्यातला पदार्थ, गार संध्याकाळी पोट भरतं. पोलेंता म्हणजे मक्याचं घट्ट पिठलंच. मासे खाणाऱ्यांनी तलावातल्या पर्च माशाचा भात आणि मिस्सोल्तिनी घ्यावं. मिस्सोल्तिनी हा खारवून वाळवलेला मासा, आपल्या सुकटीच्या सवयीच्या माणसाला लगेच आवडतो.

जेवणाच्या वेळा कडक. दुपारी बारा ते अडीच, संध्याकाळी सातनंतर, मधे स्वयंपाकघर बंद. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोन-तीन युरो येतात, ते ठरलेलेच, भांडू नका. कॉफी उभ्याने प्यायली तर दीडेक युरो, टेबलावर बसून जास्त. नळाचं पाणी पिण्याजोगं.

पैसे आणि परतीचा दिवस

यूपीआयवर विसंबू नका. फॉरेक्स कार्ड आणि थोडे रोख युरो ठेवा. एटीएम रुपयांत हिशेब करू का विचारतं, नाही म्हणा, युरोच ठेवा. तातडीचा नंबर ११२.

कोमोत रेशमाच्या कापडाचे उरलेले तुकडे आणि स्कार्फ घ्यायचे तर लेबलवर ‘शंभर टक्के सेता’ म्हणजे रेशीम असं आहे का बघा, नुसतं ‘मेड इन इटली’ पुरत नाही. कापड चिमटीत धरून चुरगळा, आपल्या हाताला कळतंच. एका दुकानात ७० युरोंच्या वर खरेदी झाली तर पासपोर्ट दाखवून कर परतीचा कागद मागून घ्या. तो विमानतळावर, बॅगा आत टाकण्याआधी, वस्तू दाखवून मंजूर करून घ्यायचा असतो. तिथे रांग असते, म्हणून त्या दिवशी वारेन्नाहून विमानाच्या आधी सहा तास निघणारी गाडी धरा. आदल्या रात्री मिलानला येऊन राहिलात तर आणखी बरं.